आफ्रिकेतली शहरं वाढताहेत म्हणे. पण मोजतंय कोण?

ठिपक्यांची_वही

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकवते. यंदा चौथ्या वर्षाला एक ऐच्छिक विषय गळ्यात पडला: आफ्रिकेतलं नागरीकरण. गळ्यात पडला म्हणतेय कारण सुरुवातीला मला लागोस आणि नैरोबीपलीकडे नावंही धड येत नव्हती. गेले पाच महिने वाचतेय, आणि आता सोडवत नाहीये.

एक गोष्ट मात्र खटकते. शहरं तीच, पण दर वीसेक वर्षांनी अभ्यासकांचा प्रश्न बदलतो. १९४०-५० च्या दशकांत मानववंशशास्त्रज्ञ विचारत होते, 'खाणीवर आलेला माणूस टोळीचा राहतो का?' १९७० च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ आले: 'नोकऱ्या नाहीत तरी लोक शहरात येतातच का?' ऐंशी-नव्वदीत सगळीकडे 'संकट'. २००० नंतर एकदम सूर पालटला, ही शहरं म्हणजे कल्पकतेची खाण. आणि आता सगळे उपग्रहाची चित्रं घेऊन बसलेत.

माझं मत थोडं कडवट आहे. ज्ञान पुढे सरकतंय असं नाही, पैसे देणाऱ्याची चिंता बदलते तसा प्रश्न बदलतो. वसाहतवाल्यांना मजुरांची चिंता होती, बँकांना कर्जाची, आता हवामानाची. तुम्हाला काय वाटतं? आफ्रिकेत राहिलेलं किंवा काम केलेलं कुणी आहे का इथे?

भाकरतुकडा

पहिला! वाचतोय. शेंगदाणे घेऊन बसलोय.

शंकासुर

धागा उत्तम, पण आधी पाया तपासू. आफ्रिका किती 'शहरी' आहे? संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या आकडेवारीत ४३ टक्के. आफ्रिकापोलिस नावाच्या प्रकल्पात २०१५ सालीच निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे जुना आकडा मोठा आणि नवा लहान. शहरं तीन वर्षांत आटली की काय?

तर तसं नाही. संयुक्त राष्ट्रांनी त्या आकडेवारीत प्रत्येक देशाची स्वतःची व्याख्या मानली होती. इथिओपियात २,००० वस्तीलाही शहर म्हणतात, घानात ५,००० लागतात, नायजेरियात २०,०००. आफ्रिकापोलिसवाले सरकारी कागदाकडे बघतच नाहीत. उपग्रहाच्या चित्रात दोन इमारतींमधलं अंतर २०० मीटरपेक्षा कमी, असा सलग पुंजका, आणि त्यात १०,००० हून जास्त माणसं, की झालं शहर. ही पट्टी लावल्यावर इजिप्त ९० टक्क्यांच्या वर शहरी निघतो. सरकारी हिशेबाने तो ४३ च्या आसपास आहे! नाईलकाठची घरं एकाला एक लागून आहेत, पण कागदावर ती खेडी.

तेव्हा ताई, तुमचा 'प्रश्न बदलतो' हा मुद्दा मान्य. पण आधी पट्टी बदलते.

सांजवात

आपल्याकडे वेगळं काय आहे? जनगणनेच्या हिशेबात ५,००० लोकसंख्या, चौ. किमी.ला ४०० ची घनता आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर. (बायका शेतात राबतात की नाही हे विचारायचं कारणच नाही, असं दिसतं.) या नियमाने २००१ मध्ये १,३६२ 'जनगणना शहरं' होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्यातल्या कित्येक ठिकाणी अजून ग्रामपंचायत आहे. नळ खेड्याचा, ट्रॅफिक शहराचा.

भाकरतुकडा

आमच्या गावची वस्ती २,३००. आजपासून मी इथिओपियन शहरवासी. सत्कार कधी करताय?

मुक्काम_नैरोबी

ताई, हजर आहे. अकरा वर्षं झाली इथे. संशोधक नाही, पंप आणि पाइपांच्या धंद्यात आहे. पण संशोधक इतके भेटतात की अर्धा झालोय.

मोजणीवरून किबेरा आठवलं. मी आलो तेव्हा जो तो सांगायचा, 'आफ्रिकेतली सगळ्यात मोठी झोपडपट्टी, दहा लाख लोक!' पर्यटकांच्या पुस्तकात तेच, देणगीच्या पत्रकात तेच, पेपरांमध्येही तेच. २००९ च्या जनगणनेत किबेऱ्याची लोकसंख्या निघाली १,७०,०७०. मोजणी कमी झाली असेल असं धरलं तरी दहा लाख कुठे आणि हे कुठे! त्याच वर्षी तिथल्याच पोरांनी हातात जीपीएस घेऊन 'मॅप किबेरा' केलं. त्याआधी सरकारी नकाशात तो भाग नुसता मोकळा दाखवलेला असायचा.

दहा लाख हा आकडा आला कुठून, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. एकाने दुसऱ्याचा उतरवला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. शाळेत आम्हीही गणितं अशीच सोडवायचो.

तिरकसराव

धारावी 'आशियातली सर्वात मोठी' आहे हे आपण असंच घोकत आलोय. मोठी म्हटलं की निधीही मोठा.

शंकासुर

किबेरा निदान एकदा तरी मोजला गेला. काँगोत शेवटची जनगणना १९८४ ची. त्यामुळे किन्शासाचा जो आकडा तुम्ही वाचता तो आजोबांच्या उंचीवरून नातवाचा शर्ट शिवण्यापैकी आहे. नायजेरियात २००६ ला मोजले तर लागोस राज्य ९० लाख आणि कानो ९४ लाखांच्या घरात. लागोस सरकार म्हणालं, हे मान्य नाही, आम्ही स्वतः मोजले, पावणेदोन कोटी आहेत! केंद्राकडून येणारा पैसा आणि जागा डोक्यांवर ठरत असतील तर डोकी कोण कमी सांगेल? असला विदा (डेटा) घेऊन पुढे लोक चार दशांशांपर्यंत गणितं करतात.

कोकणकडा_खालचा

नैरोबीकर, तिथले लोक सणाला गावी जातात का हो? की शहरात आले ते आले?

मुक्काम_नैरोबी

जातात म्हणजे? डिसेंबरात नैरोबी ओस पडते. गावाला इथल्या बोलीत 'उशागो' म्हणतात. ख्रिसमसच्या आधी मटाटूवाले, म्हणजे आपल्या वडापसारख्या गाड्यांवाले, भाडं दुप्पट-तिप्पट करतात, तरी टपावर सामान बांधून लोक निघतातच. माझ्या गोदामातला सुपरवायझर वीस वर्षं इथे भाड्याच्या एका खोलीत राहतो. गावाला त्याचं चार खोल्यांचं पक्कं घर आहे, बंद. तिथे राहायचं कधी विचारलं तर म्हणतो, 'मेल्यावर तिथेच पुरतील ना.'

कोकणकडा_खालचा

अहो हा तर आमचा चाकरमानी! गणपतीची एसटी, मनीऑर्डर, बंद घर, माळ्यावरची भांडी. माझे आजोबा गिरणीत ३४ वर्षं होते, कायम 'गावाला जायचंय' म्हणत राहिले. त्यांना शहरी म्हणायचं की गावचे?

ठिपक्यांची_वही

@कोकणकडा, नेमका हाच प्रश्न त्या पहिल्या पिढीचा! तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, १९३७ साली ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन संस्था निघाली. तांब्याच्या खाणींवर आलेल्या लोकांचा अभ्यास तिथून झाला. सरकार आणि खाणमालक धरून चालले होते की हे पाहुणे, चार दिवस काम करतील आणि गावी जातील. तिथलाच मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन उलट म्हणाला, खाणीत उतरला की तो खाणकामगारच, त्याला त्याच नजरेने बघा. त्या काळात हे म्हणणं धाडसाचं होतं.

क्लाइड मिचेलचं १९५६ चं 'कलेला नृत्या'वरचं पुस्तकही त्यातलंच. रविवारी खाणवस्तीत बिसा लोकांचं पथक नाचायचं. कपडे मात्र टोळीचे नाहीत! इस्त्रीच्या पँटी, चकचकीत बूट. गाण्यांत स्वतःच्या जमातीची स्तुती आणि बाकीच्यांची टर. मिचेलचा निष्कर्ष असा की ही 'टोळी' गावाहून आलेली नाही, ती शहरात नव्याने तयार झाली. अनोळखी गर्दीत कोण आपला, कोण परका हे ओळखायला.

कोकणकडा_खालचा

म्हणजे आमच्या चाळीतला बाल्या नाच. शक्तीवाले तुरेवाल्यांची उणीदुणी काढणार, तुरेवाले परत करणार. गावात एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहणारे मुंबईत मंडळं काढून बसले. मिचेलसाहेबाला लालबागला बोलवायला हवं होतं.

मोडीलिपी

थोडं थांबा. प्रत्येक आफ्रिकन गोष्ट मुंबईच्या खुंटीला टांगायची गरज नाही. आजोबांना मुंबईत खोली घ्यायला कुणाचा पास लागत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत आणि काही प्रमाणात ऱ्होडेशियातही आफ्रिकनांनी शहरात किती दिवस राहायचं हे कायद्याने ठरत होतं. तिथलं 'येऊन-जाऊन' राहणं निम्मं सक्तीचं होतं. आणि नेमकं हेच या अभ्यासकांनी पुरेसं मांडलं नाही, त्यांनी नाच आणि कपडे पाहिले, मालक-मजूर संबंध बाजूला ठेवले, अशी झोड बर्नार्ड मगुबाने या दक्षिण आफ्रिकन समाजशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उठवली. तोवर बहुतेक देश स्वतंत्र झाले होते आणि ज्यांच्यावर लिहिलं गेलं तेही वाचायला लागले होते.

कोकणकडा_खालचा

पासाचा मुद्दा मान्य. पण पगारावर कुटुंब पोसता येत नाही म्हणून बायकापोरं गावी ठेवायची, ही सक्ती आमच्याकडेही होतीच की. तिला कायदा लागला नाही इतकंच.

मोडीलिपी

हेही खरं. अर्धा मुद्दा मागे घेतो.

तिरकसराव

थोडक्यात काय, आफ्रिकेवर सगळं गोऱ्यांनीच लिहिलं, आता आपण पुण्यात बसून त्यावर चर्चा करतोय. चहा घ्या.

मोडीलिपी

@तिरकसराव, चहा घ्या आणि अकिन माबोगुंजे हे नाव लिहून ठेवा. नायजेरियाचे भूगोलतज्ज्ञ. 'नायजेरियातील नागरीकरण' हे त्यांचं पुस्तक १९६८ चं. 'आफ्रिकेत शहरं गोऱ्यांनी आणली' हा समज तिथे पार मोडतो. इबादान आणि इतर योरुबा शहरं ब्रिटिश यायच्या आधी तटबंदी-बाजारासकट नांदत होती, फक्त राहणारे बरेचसे रोज सकाळी शेतावर जात. युरोपीय व्याख्येत शेतकऱ्यांचं शहर बसेना, म्हणून 'हे शहरच नाही' असं ठरवून मोकळे! पूर्व किनाऱ्यावर किल्वा, मोम्बासा ही बंदरं तर शतकानुशतकं आपल्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करत होती.

खडूफळा

अर्थशास्त्र शिकवतो म्हणून मधल्या पिढीची बाजू मांडतो, त्यांना उगाच झोडू नका.

१९६४ साली केनियात सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी करार केला: संघटनांनी पगारवाढ मागायची नाही, बदल्यात सरकार आणि मालकांनी जास्त माणसं घ्यायची. बेकारी हटायला हवी. पण नोकऱ्या निघाल्याची बातमी गावोगाव गेली आणि नाव नोंदवायला रांगाच रांगा लागल्या. बेकार वाढले! हॅरिस आणि टोडारो यांच्या १९७० च्या प्रसिद्ध मांडणीमागे पूर्व आफ्रिकेतले असले अनुभव आहेत. माणूस शहरातला आजचा पगार बघून येत नाही. तो पगार गुणिले मिळण्याची शक्यता असा हिशेब करतो. गावच्या कमाईपेक्षा तो गुणाकार मोठा असेल तर बेकार बसायच्या तयारीनेही येतो.

भाकरतुकडा

सर, हे सदाशिव पेठेतल्या एमपीएससीवाल्या पोरांना बघून लिहिलंय का? पगार गुणिले शक्यता वजा मेसचं बिल.

खडूफळा

😄 पुढच्या वर्षी वर्गात हेच उदाहरण देणार.

पण त्या मॉडेलला भोक पाडलं ते एका मानववंशशास्त्रज्ञाने. कीथ हार्ट घानाची राजधानी आक्राच्या निमा वस्तीत राहिला आणि त्याने पाहिलं की ज्यांना आम्ही 'बेकार' म्हणतो ते रिकामे नाहीतच. कुणी दारू गाळतोय, कुणी उसने पैसे फिरवतोय, कुणी घड्याळं विकतोय. 'अनौपचारिक' हा शब्द त्याने १९७१ च्या परिषदेत वापरला, १९७३ ला लेख छापून आला. मधल्या मध्ये १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियावरच्या अहवालाने तो उचलला आणि जगभर नेला. आज आपण फेरीवाल्यांबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो, मूळ निमाचं आहे हे न कळता.

म्हणून ताई, नुसती फॅशन म्हणू नका. चुकीच्या उत्तराला कुणीतरी जमिनीवर जाऊन टोकलं म्हणून प्रश्न बदलला.

ठिपक्यांची_वही

मान्य, निम्मं मान्य. पण झांबियाचं बघा. सगळे 'आफ्रिकेत शहरांचा स्फोट' म्हणत होते तेव्हा तिथे शहरी लोकसंख्येचा वाटा १९८० च्या सुमारे ४० टक्क्यांवरून २००० पर्यंत ३५ च्या आसपास उतरला. तांब्याचा भाव पडला, अनुदानं गेली, शहरात पोट भरेना, लोक गावी परतले. डेबोरा पॉट्स ही भूगोलतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत होती की स्फोट बिफोट सरसकट नाही, जनगणना नीट वाचा. पण अहवालांच्या मुखपृष्ठावर स्फोटच चांगला दिसतो. परतलेल्या खाणकामगारांवर जेम्स फर्ग्युसनचं १९९९ चं पुस्तक आहे. ज्यांना 'तुम्ही आधुनिक होणार' असं सांगितलं आणि मग वाटेतच सोडून दिलं, त्यांच्याबद्दल. ते वाचून मी दोन दिवस सुन्न होते.

कोकणकडा_खालचा

१९८२ चा संप. एवढंच लिहितो.

सांजवात

🙏

शंकासुर

आणि उलट बाजूही आहे. तेल, हिरे, तांबं निर्यात करणाऱ्या देशांत कारखाने न येताच शहरं फुगली. गोलिन, जेडवाब आणि वोलराथ यांचा २०१६ चा लेख याच विषयावर आहे. त्यांचा शब्द 'उपभोगाची शहरं'. शहर म्हणजे उद्योग, हे मँचेस्टरचं सूत्र तिथे लागूच पडत नाही. आणखी एक, आता बऱ्याच शहरांच्या वाढीत गावाहून आलेल्यांपेक्षा तिथेच जन्मलेल्यांचा वाटा मोठा आहे. त्यांना कुठल्या 'उशागो'ला पाठवणार?

पाऊलखुणा

२००० नंतरच्या पिढीबद्दल कुणी बोललंच नाही. मला तीच आवडते. भूगोलतज्ज्ञ जेनिफर रॉबिन्सनने विचारलं, सिद्धांत लंडन-न्यूयॉर्कवर लिहायचे आणि झांबियाची राजधानी लुसाका मात्र 'विकासाच्या समस्या' या कप्प्यात टाकायची, हे का? सगळीच साधी शहरं आहेत, सगळ्यांतून शिकता येतं. शहरांचा अभ्यासक अब्दूमलिक सिमोन तर म्हणतो, जिथे पाइप-तारा नाहीत तिथे माणसंच पायाभूत सुविधा. ओळखीपाळखी, उधारी, निरोप, यांच्यावर शहर चालतं. वाचताना अंगावर काटा येतो.

मुक्काम_नैरोबी

पाऊलखुणा, राग मानू नका, पण मी पाइप विकतो. माणसं ही पायाभूत सुविधा नसतात. ज्या वस्तीत नळ नाही तिथली बाई पिवळा प्लॅस्टिकचा वीस लिटरचा कॅन डोक्यावर वाहते आणि त्या पाण्याला बंगल्यातल्या नळवाल्यापेक्षा लिटरमागे जास्त पैसे मोजते. यात कल्पकता जरूर आहे. पण तिला कल्पकता नकोय, नळ हवाय.

पाऊलखुणा

राग नाही. पण सिमोन 'हे छान आहे' म्हणत नाही, 'हे असं चालतं' म्हणतो. वाचणारे त्याचं भजन करतात हा दोष वाचणाऱ्यांचा.

मोडीलिपी

भजनाचा कळस म्हणजे रेम कूलहास. प्रसिद्ध डच वास्तुविशारद, हार्वर्डचे विद्यार्थी घेऊन लागोसला गेला, हेलिकॉप्टरमधून पाहिलं आणि वाहतूक कोंडी, भंगार बाजार यांत त्याला भविष्यातलं शहर दिसलं. भूगोलतज्ज्ञ मॅथ्यू गँडीने २००५ मध्ये त्याचा समाचार घेतला: वरून बघितल्यावर कोंडी सुंदरच दिसणार, त्यामागचा इतिहास आणि राजकारण खाली उतरल्यावर दिसतं.

तिरकसराव

चांदणी चौकाचाही वरून फोटो काढून बघा. दिवाळीतली रोषणाई.

पाऊलखुणा

आणि मास्टरप्लॅनवाले? केपटाउनच्या व्हेनेसा वॉटसनने २०१४ मध्ये 'आफ्रिकन शहरी स्वप्नरंजन' असा लेखच लिहिला. लागोसला समुद्रात भर घालून एको अटलांटिक, काचेचे मनोरे, दुबईसारखी चित्रं. ज्या लोकांचं शहर आहे ते चित्रात कुठेच नाहीत, असलेच तर हिरवळीवर फिरताना.

तिरकसराव

आपण तर सह्याद्रीत इटली बांधायला निघालो होतो. कुणाला हसताय?

भायखळा_पूर्व

उशिरा आले, पण एक धागा राहून गेला आणि तो आपल्याच दारातला आहे.

१९८५ साली मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा निकाल आला, तेव्हा स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फुटपाथवासीयांची गणना केली. 'आम्ही, जे दिसत नाही' अशा अर्थाच्या नावाने ती छापली. त्यातूनच बायकांची महिला मिलन उभी राहिली, जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासी महासंघ सोबत होता. त्यांचं म्हणणं साधं: सरकार मोजणार नसेल तर आपणच घरं मोजू, कारण आकडा हातात असला की साहेब खुर्ची देतो. १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांशी जाणं-येणं सुरू झालं, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय जाळं बांधलं गेलं. पुढे केनियात मुउंगानो वा वानाविजिजी ही संघटनाही असंच घरोघर मोजू लागली.

मी त्या काळी हिशेब लिहायला मदत करायचे. फुटपाथवरच्या अक्षरओळख नसलेल्या बायका पाहुण्यांना खडूने जमिनीवर घराचा आराखडा काढून दाखवत. दुभाषी मागेच राहायचा, यांचं हातवाऱ्यांवर भागायचं.

तेव्हा पहिल्या पानावरचा प्रश्न, पैसे देणारा ठरवतो का? बहुतेक वेळा हो. पण एकदा तरी ज्यांना मोजायचं त्यांनीच वही हातात घेतली होती.

मोडीलिपी

या प्रतिसादासाठी धागा वसूल. @मोडीलिपी मुंबईची खुंटी काढून टाका म्हणाला होता, त्याला कुणीतरी समज द्या.

शंकासुर

दिली. आणि खरं तर उपग्रहापेक्षा हा विदा जास्त उपयोगाचा. उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखाली भाडेकरू किती हे नाही.

भाकरतुकडा

अवांतर: नैरोबीकर, उगाली म्हणजे आपली भाकरी ना?

मुक्काम_नैरोबी

नाही हो. मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा. हाताने गोळा करायचा, सुकुमा विकीबरोबर खायची. सुकुमा विकी म्हणजे 'आठवडा ढकल'! पालेभाजीचं नाव आहे. महिनाअखेरीला तीच असते.

ठिपक्यांची_वही

सगळ्यांचे आभार. माझं 'पैसे देणारा ठरवतो' हे वाक्य आता 'बहुतेक वेळा' लावून वाचा. खडूफळा सर आणि भायखळाताईंनी ते मला लावायला लावलं.

एकच शेवटचं. माझ्या यादीतले लेख मोजले तर जोहान्सबर्ग, केपटाउन, नैरोबी, लागोस, आक्रा, किन्शासा यांतच निम्म्याहून जास्त संपतात. आफ्रिकापोलिसच्या नकाशावर साडेसात हजारांवर ठिपके आहेत. बाकीचे कोण वाचणार? विमानतळ जवळ नाही म्हणून?

मुक्काम_नैरोबी

विमानतळ, हॉटेल आणि इंग्रजी. मी महिन्यातून एकदा कितालेला जातो, पश्चिमेला एल्गॉन डोंगराच्या बाजूला. मक्याचा मुलूख. मुख्य रस्त्यावर बियाणं-औषधांची दुकानं, हार्डवेअर, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या टपऱ्या, बोडाबोडा म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींचा थवा. रस्त्यामागे शेतांचे प्लॉट पडलेत, दगड पुरून ठेवलेत, मधे मका उभा. अकरा वर्षांत मला तिथे एकही संशोधक भेटला नाही. माझ्या नजरेतून सुटले असतील तर माहीत नाही.

ठिपक्यांची_वही

शेतात दगड पुरलेले, मधे पीक? हे तर मांजरी-लोणीकाळभोर! किती प्लॉट, घेतंय कोण, नैरोबीवाले की गावातलेच?

मुक्काम_नैरोबी

विचारलं नाही कधी. शनिवारी जातोय. वही घेऊन जातो.

भाकरतुकडा

दोन इमारतींमधलं अंतरही मोजा. २०० मीटरच्या आत असेल तर शंकासुरांना कळवा.